आकाशातल्या युद्धाची जमीन

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. सीमेवर चकमकी चालू होत्या, रात्री टीव्ही बंद करायला कुणी तयार नव्हतं आणि ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर विमानांची दृश्यं येऊन पडत होती. आमच्या शेजारचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. रात्री साडेदहाला तो मोबाइल घेऊन आला. काळोखात तोफगोळ्यांचे लाल ठिपके रांगेनं वर चाललेत आणि एक लढाऊ विमान त्यांतून सुळकांडी मारत जातंय, अशी पाऊण मिनिटाची फीत. ‘‘काका, खरं आहे ना हे?’’ मी दोनदा पाहिली आणि म्हटलं, ‘‘हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे रे.’’ त्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरत होती, हे पुढे तथ्य तपासणाऱ्यांनी उघड केलंच. पण त्या रात्री तो हिरमुसला आणि जाता जाता म्हणाला, ‘‘पण सिनेमात तर असंच दिसतं की!’’

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. सिनेमात असंच दिसतं. म्हणूनच तर ती फीत त्याला खरी वाटली. विमान कसं उडतं हे आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात जवळून पाहिलेलं नसतं. लढाऊ विमान तर नाहीच. त्याची चाल, त्याचा वेग, त्याचं पडणं हे सारं आपल्याला पडद्यानं शिकवलेलं आहे. पडद्यानं चुकीचं शिकवलं, तर खरी बातमी आणि खेळ यांतला फरक ओळखायचा कशाच्या जोरावर? मग चांगला हवाई युद्धपट कशाला म्हणायचं, हा प्रश्न नुसत्या रसिकतेचा उरत नाही.

माझा अधिकार काय, हे आधी सांगून टाकतो. चित्रपटशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तयार सुट्या भागांची तपासणी केली. मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि गेज हीच माझी आयुधं. वाचन झालं ते वाचनालयांत, आणि सिनेमे पाहिले ते आधी गावातल्या टॉकीजमध्ये, मग दूरदर्शनवर, मग सीडी भाड्यानं आणून. त्यामुळे माझी नजर तपासनिसाची आहे. वस्तू समोर आली की मी पहिल्यांदा तिचं माप शोधतो.

आणि आकाशाची पहिली अडचण हीच आहे, की त्याला माप नाही.

जमिनीवरच्या युद्धात दिग्दर्शकाला सगळं आयतं मिळतं. टेकडी आहे, नदी आहे, पूल आहे. शत्रू त्या तीरावर, आपण या तीरावर. प्रेक्षकाला न सांगता कळतं की किती चालायचंय आणि कुठे दबा धरायचाय. आकाशात यातलं काही नाही. निळ्या पडद्यावर एक ठिपका ताशी हजार किलोमीटरनं गेला काय किंवा जागेवर टांगला काय, डोळ्याला सारखंच. हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते मूकपटांच्या काळात विल्यम वेलमन यानं. ‘विंग्ज’ (१९२७) हा पहिल्या ऑस्करचा मानकरी चित्रपट. वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढाऊ विमान चालवून आलेला होता. टेक्सासमध्ये सारा लवाजमा, विमानं आणि सैनिक तयार असताना हा माणूस ढग येण्याची वाट बघत बसला. निर्मात्यांचा जीव खालीवर होत होता, पण ढग नसतील तर विमान हलल्याचं दिसणारच नाही, हे त्यानं ओळखलं होतं. मागे पांढरा डोंगर सरकला की पुढचं विमान पळतं. शिवाय त्यानं नटांनाच विमानांत बसवून, समोर कॅमेरा बांधून वर धाडलं. वाऱ्यानं त्यांचे गाल थरथरतात ते खरे थरथरतात. शंभराला आलेला हा चित्रपट आजही पाहवतो, त्याचं निम्मं श्रेय मी त्या ढगांना देईन.

दुसरी अडचण वजनाची. विमानाला वजन असतं, ही गोष्ट आपल्या अलीकडच्या सिनेमांनी जवळजवळ विसरायला लावली आहे. आम्हा औरंगाबादकरांना ती विसरणं जरा अवघड जावं. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांना लागलं आणि कोसळलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ गेले. मी तेव्हा ऐन तरुण होतो. दुसऱ्या दिवशी सायकलवर गेलो आणि पोलिसांच्या दोरीपलीकडून लांबूनच जे दिसलं ते पाहिलं. युद्धाशी या अपघाताचा काही संबंध नाही. पण विमान उचललं जाणं ही दरवेळी मारावी लागणारी बाजी असते, वजन, वेग आणि धावपट्टीची लांबी यांचा हिशेब असतो, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं ते कायमचं. पडद्यावरचं विमान चेंडूसारखं उसळताना दिसलं की माझं मन तिथून उठून जातं.

आणि लढाऊ विमानात तर वजन माणसाच्या अंगावर येऊन बसतं. तीव्र वळण घेताना वैमानिकाला सहा-सात जी सोसावे लागतात. म्हणजे सत्तर किलोचा माणूस त्या घटकेला सव्वाचारशे किलोंचा होतो. हात उचलत नाही, मान वळत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी नायक शत्रूला उद्देशून पल्लेदार वाक्य कसं टाकतो? आपल्याकडे टाकतो. ‘फायटर’ (२०२४) हा त्यातला सगळ्यांत खर्चिक नमुना. सुखोई खरी, गणवेश खरे, पण विमानं एकमेकांशी गल्लीतल्या स्कूटरींसारखी खेळतात आणि शेवटचा हिशेब जमिनीवर हाणामारीनंच चुकता करावा लागतो. म्हणजे आकाशात गोष्ट संपवता येणार नाही, याची कबुली चित्रपटच देतो. ती हाणामारी मला एका अर्थी प्रामाणिक वाटली.

आता ‘विजेता’कडे येतो. या लेखाचं खरं कारण तोच आहे.

गोविंद निहलानी यांच्याबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते ‘आक्रोश’वरून (१९८०) थेट ‘अर्धसत्य’वर (१९८३) उडी मारतं. दोन्हींच्या पटकथा तेंडुलकरांच्या, त्यामुळे ते साहजिक आहे. पण मधल्या १९८२ सालात ‘विजेता’ आहे आणि तो जवळजवळ मराठी हातांनीच घडलेला आहे, याची दखल फारशी कुणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. निर्माते शशी कपूर. पण लेखन दिलीप चित्रे यांचं, संवाद सत्यदेव दुबे यांचे, गीतं वसंत देव यांची. अहिर भैरवातलं ते विलक्षण गाणं गायलं आशा भोसले आणि सत्यशील देशपांडे यांनी. दुबे मूळचे बिलासपूरचे खरे, पण मराठी रंगभूमीला ते आपलेच. त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या चित्रपटाचे छायालेखक निहलानी होते. तुकारामाचं इंग्रजी भाषांतर करणारा कवी आणि लढाऊ विमानांचा चित्रपट ही जोडी कागदावर विसंगत दिसते. पडद्यावर मात्र ती विसंगती कुठे जाणवत नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेन. विमानं बघायला गेलो आणि वैतागून परत आलो. आई-वडिलांची धुसफूस, काय करायचं ते न कळणारा पोरगा, त्याची भरती, प्रशिक्षण, पुन्हा प्रशिक्षण. युद्ध येतं ते अगदी शेवटाकडे. पुढे तिशीत पुन्हा पाहिला, तेव्हा लक्षात आलं की ज्याचा मला कंटाळा आला होता तीच त्या चित्रपटाची गोष्ट आहे. अंगदच्या घरात कुठेही घट्ट पाय रोवायला जागा नाही. वडील निहाल आणि आई नीलिमा यांच्यामध्ये तो लोंबकळतोय. हवाई दलात जाणं ही त्याची देशभक्तीची घोषणा नसते, घरातून सुटण्याची वाट असते. आणि तिथे गेल्यावर त्याला कळतं की उडण्यासाठी आधी बांधून घ्यावं लागतं: वेळेला, शिस्तीला, शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या आवाजाला. अमरीश पुरी यांनी रंगवलेले ग्रुप कॅप्टन वर्गीस हे त्यांच्या नेहमीच्या खलनायकी गडगडाटापासून किती दूर आहेत ते मुद्दाम पाहावं. कुणाल कपूरचा अभिनय अवघडलेला आहे अशी तक्रार होते, आणि ती खोटी नाही. पण विमानात बसायला शिकणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा अवघडलेलाच असतो. वर्गीसांच्या मुलीबरोबरचं प्रेमप्रकरण मात्र पातळ आहे. तिथे चित्रे-दुबे या दोघांनाही रस नसावा असं वाटतं.

निहलानी मुळात छायालेखक, आणि ‘विजेता’चा कॅमेराही त्यांनी स्वतःच सांभाळला. त्यांनी विमान देखणं दाखवण्याआधी अवजड दाखवलं. जमिनीवर उभं असलेलं मिग-२१ हे आखूड त्रिकोणी पंखांचं, नाकाला भोक असलेलं, काहीसं कुरूप यंत्र आहे. उतरताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असतो आणि पोटात इंधन बेताचं, त्यामुळे आकाशात रेंगाळण्याची चैन त्याला परवडत नाही. चित्रपटातल्या १९७१ च्या युद्धात अंगद हे विमान घेऊन जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करायला जातो. हवेतल्या द्वंद्वयुद्धाचा मोह लेखकांनी टाळला, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण त्यामुळे पडद्यावर सतत जमीन राहते. खाली वाळू, झाडं, रस्ता झपझप मागे जातात आणि वेग डोळ्याला कळतो. वेलमननं ढगांकडून करून घेतलं ते काम निहलानींनी जमिनीकडून करून घेतलं.

हे मिग आपल्या ओझरलाच, नाशिकच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनत. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबरला चंदीगडला समारंभानं निवृत्त झालं. बासष्ट वर्षं! त्या दिवशी टीव्हीवर जुन्या चित्रफिती लागल्या, त्यांत ‘विजेता’ची आठवण कुणी काढली असेल तर ती माझ्या नजरेतून सुटली. खरं म्हणजे या विमानाची चालती-बोलती, रंगीत आणि जवळून टिपलेली छबी हवी असेल, तर तो चित्रपट दप्तरी दस्तऐवजासारखा जपायला हवा. त्याआधी चेतन आनंद यांनी ‘हिंदुस्तान की कसम’मध्ये (१९७३) खरी विमानं वापरली होती, पण तिथे हेरगिरीच्या उपकथानकानं सारी हवाच काढून घेतली.

वर ‘जमीन’ हा शब्द आला. आता त्याचा दुसरा अर्थ. हवाई दलात उडणारे मूठभर असतात, बाकीचे सगळे खाली थांबणारे. विमान निघाल्यापासून परतेपर्यंत जे घडतं ते या थांबणाऱ्यांच्या चेहऱ्यावर घडतं, आणि ज्या दिग्दर्शकाला हे कळलं त्यानं अर्धी लढाई जिंकली. हेन्री किंग यांचा ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’ (१९४९) हा माझ्या मते या जातकुळीतला सर्वोत्तम चित्रपट. त्यात प्रत्यक्ष हवाई लढाई दिसते ती पार उत्तरार्धात आणि तीही युद्धकाळात खरोखर टिपलेल्या फितींची. सुरुवातीला एक बी-१७ चाकं न उघडता पोटावर घसरत येतं. पॉल मँट्झ या स्टंट वैमानिकानं ते अवाढव्य विमान एकट्यानं तसं उतरवलं होतं. ते घसरणं पाहताना कळतं की वजन म्हणजे काय. पण त्याहून मोठा प्रसंग शेवटाकडे आहे. ग्रेगरी पेक यांनी साकारलेला कठोर सेनानी मोहिमेवर निघताना विमानाच्या झडपेला धरून स्वतःला वर ओढू पाहतो आणि त्याचे हातच चालत नाहीत. इतरांना मृत्यूच्या तोंडी धाडणाऱ्या माणसाला स्वतःचंच वजन उचलत नाही! मग तो खुर्चीत दगडासारखा बसून राहतो, सारी विमानं परतेपर्यंत. बाहेर कुणीतरी विमानं मोजतंय. एवढंच.

मोजणं हे या चित्रपटप्रकाराचं मूळ आहे, असं मला वाटत आलंय. ‘द डॅम बस्टर्स’मध्ये (१९५५) लँकेस्टर विमानांनी पाण्यापासून साठ फुटांवर, रात्री, नेमकं उडायचं असतं. ही उंची कळणार कशी? विमानाच्या पोटाला दोन दिवे तिरपे बांधतात, त्यांचे गोल पाण्यावर एकमेकांना टेकले की साठ फूट. माझ्यासारख्या तपासनिसाला हे दृश्य पाहून टाळी वाजवावीशी वाटली. उंचीसारखी न दिसणारी गोष्ट पाण्यावर दोन वर्तुळांनी उमटते आणि तिकिट काढून आलेल्या साध्या माणसालाही कळतं. चित्रपटात ही युक्ती नायकाला नाट्यगृहातल्या झोतदिव्यांवरून सुचते. प्रत्यक्षात ती एका सरकारी शास्त्रज्ञानं सुचवली होती. असलं खोटं मी माफ करतो, कारण त्यानं माप बिघडत नाही. १९ विमानं गेली, ८ परतली नाहीत. शेवटी जेवणघरातली रिकामी टेबलं दिसतात, खोल्यांतलं जिथल्या तिथे राहिलेलं सामान दिसतं, आणि नायक पत्रं लिहायला निघून जातो. कुणाच्या घरी ती जाणार हे सांगायची गरज राहत नाही.

पण याच चित्रपटानं एक मोजदाद केली नाही. धरणं फुटल्यावर खोऱ्यात तेराशेहून अधिक माणसं बुडाली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त जर्मनांनी सक्तीनं राबवायला आणलेली परदेशी माणसं होती. पडद्यावर पाण्याचा लोंढा दिसतो, माणूस दिसत नाही. खाली कोण आहे, हा जमिनीचा तिसरा अर्थ. हवाई युद्धपट इथे हमखास चुकतो, कारण वरून पाहिलं की सगळंच खेळण्यासारखं दिसतं. तो मोबाइलवरचा खेळही तसाच दिसत होता.

खाली कोण आहे याची आपल्याकडची सगळ्यांत सुंदर कथा भूजची. ८ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी विमानांनी भूजच्या तळावर बाँब टाकले, धावपट्टी निकामी झाली. तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक. मराठी माणूस. मजूर मिळेनात, तेव्हा जवळच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बाया आल्या आणि त्यांनी बहात्तर तासांत धावपट्टी उभी केली. भोंगा वाजला की त्या झुडपांत पळायच्या. वरून दिसू नये म्हणून फिकट हिरवी लुगडी नेसायच्या, धावपट्टी शेणानं सारवून झाकायच्या. शेणसड्यानं लढलेलं हवाई युद्ध! याहून मोठी कल्पना कुठल्या पटकथाकाराला सुचली असती? या गोष्टीत घड्याळ आहे, माप आहे, भीती आहे, आणि विमान दिसतं ते खालून, मान वर करून, जसं ते जगातल्या बहुतेक माणसांना युद्धात दिसतं. ‘भूज : द प्राइड ऑफ इंडिया’ (२०२१) पाहायला मी उत्सुकतेनं बसलो आणि कपाळाला हात लावला. तिथे स्फोट आहेत, भाषणं आहेत, अजय देवगण आहेत. बायांना धावपट्टी बांधायला वेळच उरलेला नाही. सिमेंट कसं कालवलं, खड्डा किती खोल होता, पहिलं विमान त्या धावपट्टीवर चाक टेकवताना बायांनी श्वास कसा रोखला, यांतलं काही मनात राहत नाही. एवढ्या खर्चात एका खड्ड्याचं माप बसलं नसतं?

त्या मानानं २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ‘स्काय फोर्स’नं मला थोडं चकवलं. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावरच्या हल्ल्यातून स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा देवय्या परतले नाहीत. बेपत्ता, एवढीच नोंद. आपल्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटर विमानाला त्यांनी एकट्यानं पाडलं होतं, हे कळलं ते पुढे पाकिस्तानी बाजूच्या हकिगतींमधून, आणि महावीर चक्र मिळालं १९८८ साली. म्हणजे तेवीस वर्षांनी. चित्रपटात नावं बदलली आहेत, हवेतली दृश्यं बहुतांशी संगणकाची आहेत आणि ती तशीच वाटतात. पण उत्तरार्धात तो कागदांचा चित्रपट होतो. एक अधिकारी अहवाल, तारखा, जबान्या जुळवत बसतो. शरद केळकरांचा युद्धकैदी पाकिस्तानी वैमानिक शांतपणे काही सांगतो. बेपत्ता माणसाचा माग काढणं हे काम मला, उघड कारणांनी, जवळचं वाटतं. पण तेवढ्यासाठी मी त्या चित्रपटाला गुण देत नाही. देतो ते यासाठी, की आकाशात जे घडलं ते जमिनीवर, उशिरा, कुणाच्या तरी कागदातून कळतं, हे त्यानं मान्य केलं.

ऑगस्टमध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचं सुखोई-७ पडलं आणि ते पकडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत भिंतीला भोक पाडून १९७२ च्या १२-१३ ऑगस्टच्या रात्री ते ग्रेवाल आणि सिंहजी या दोन साथीदारांसह निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द अवघ्या चार मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खानाला जायची चौकशी केली. ते रेल्वे स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं होतं! चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या स्टेशनचं नाव घेणारी ही माणसं कोण, असा संशय आला आणि तिघे सापडले. या घटनेवर २०१९ साली ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ नावाचा चित्रपट येऊन गेला. किती वाचकांना तो आठवतो? मला विचाराल तर हा हवाई युद्धपटाचा अस्सल विषय आहे. दहा हजार फुटांवरून मुलूख वाचायची सवय असलेली माणसं, ज्यांना तोच मुलूख आता पायी ओलांडायचाय, आणि नकाशातलं एक जुनं नाव त्यांना दगा देतं. विमान फक्त पहिल्या पाच मिनिटांत लागेल.

क्रिस्तोफर नोलन यांच्या ‘डंकर्क’मध्ये (२०१७) एका स्पिटफायरचा इंधनमापक गोळी लागून फुटतो. वैमानिक सोबत्याला रेडिओवर त्याचा आकडा विचारतो आणि खडूनं समोरच्या पाटीवर लिहून ठेवतो. पुढचा सारा चित्रपट तो खडूचा आकडा आपल्या मनात उतरत राहतो. शेवटी इंजिन बंद पडतं आणि विमान आवाज न करता वाळूवरून तरंगत जातं. शंभर स्फोटांनी जे साधत नाही ते एका खडूनं साधलं. आमच्या कारखान्यात बिघडलेल्या मापकावर आम्ही असाच खडूनं आकडा लिहीत असू. ते दृश्य पाहताना मी थिएटरात मोठ्यानं हसलो, बायको बघायला लागली.

यापुढे अडचण वाढणारच आहे. आता लढाऊ वैमानिकाला शत्रू बहुधा दिसतच नाही. शेकडो किलोमीटरवरचा पडद्यावरचा ठिपका, आणि निर्णय काही सेकंदांचा. २७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी वैमानिकांना दिशा देत होत्या त्या जमिनीवर रडारपुढे बसलेल्या स्क्वॉड्रन लीडर मिंटी अगरवाल. युद्ध सेवा पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्या दिवसाचा खरा चित्रपट कुणी काढायचाच म्हटला तर तो एका बंद खोलीत, एका आवाजावर काढावा लागेल. त्याला सुखोईचं भाडं नको, हजार कोटी नकोत. आणि इथे मला मराठी निर्मात्यांची आठवण होते. ऋषिकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, प्रदीप नाईक, विवेक राम चौधरी हे सारे मराठी हवाई दलप्रमुख. चौधरी तर आमच्या मराठवाड्यातले, नांदेड जिल्ह्यातले. मिग ओझरला बनले, वैमानिक खडकवासल्याला घडले, आणि मराठीत हवाई दलावरचा, नाव घ्यावं असा एक चित्रपट नाही. पैसा नाही, हे उत्तर मी ऐकून आहे. एक खोली, एक नकाशा, रेडिओवरचे चार आवाज, परतणाऱ्या विमानांची मोजणी: आमची प्रायोगिक रंगभूमी याहून कमी सामानात उभी राहिली आहे.

गणपतीत शेजारच्या त्या मुलाला बोलावून मी ‘विजेता’ लावला. चाळीस मिनिटं तो मुकाट बसला. मग मोबाइल खिशातून निघाला, परत आत गेला. शेवटी न राहवून म्हणाला, ‘‘काका, युद्ध कधी सुरू होणार?’’

‘‘अजून बराच वेळ आहे,’’ मी म्हटलं. ‘‘आधी त्याला नीट उतरता तर येऊ दे.’’

तो उठला नाही. मी चहा ठेवायला आत गेलो, तेव्हा त्यानं आवाज थोडा वाढवला.